पदकांच्या भिंतीपलीकडे : मुलांसाठी जिम्नॅस्टिक्सचे केंद्र निवडताना

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की गावोगावी उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. पोहणे, बुद्धिबळ, कराटे यांच्या जोडीला जिम्नॅस्टिक्सचे नावही आता या फलकांवर ठळकपणे दिसते. घरभर कोलांटउड्या मारणाऱ्या मुलाची रग जिरावी, एवढ्याच माफक हेतूने पालक त्याला शिबिरात घालतात. महिना सरत येतो आणि एखाद्या संध्याकाळी प्रशिक्षक आईवडिलांना बाजूला घेऊन सांगतात, 'अंग लवचीक आहे, पोर घाबरत नाही. स्पर्धेच्या तुकडीत घ्यावं म्हणतो. रोज पाठवा.'

पालक सुखावतात आणि गोंधळतातही. छंदवर्गासाठी घराजवळचे आणि बरे दिसणारे कोणतेही केंद्र चालून जाते. स्पर्धात्मक प्रशिक्षणाचे तसे नाही. तेथे मूल आठवड्यातील पाच-सहा दिवस, दिवसाचे दोन-तीन तास, वर्षानुवर्षे परक्या माणसांच्या ताब्यात असते. त्याची हाडे वाढीच्या वयात असतात आणि मोठ्यांच्या शब्दावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. साहजिकच हा निर्णय शाळा निवडण्याइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक विचार मागतो.

बहुतेक पालक या वेळी केंद्रातील पदकांची आणि करंडकांची भिंत पाहतात. ती पाहण्यात गैर काही नाही. मात्र ही भिंत टिकून राहिलेल्या आणि जिंकलेल्या मुलांचीच हकीकत सांगते. दुखापतीने, भीतीने किंवा अपमानाने मध्येच निघून गेलेल्या मुलांची नोंद तिच्यावर नसते. म्हणूनच केंद्राची खरी पारख वेगळ्या ठिकाणी करावी लागते. मूल पडते, घाबरते किंवा 'दुखतंय' म्हणते, तेव्हा तेथे काय घडते, हे पाहणे हीच ती पारख.

खेळ एक, प्रकार अनेक

केंद्रात नेमके काय शिकवले जाते, हे आधी समजून घ्यावे. 'जिम्नॅस्टिक्स' या एका नावाखाली अनेक स्वतंत्र खेळ येतात. कलात्मक म्हणजे आर्टिस्टिक प्रकारात मुलींसाठी चार साधने असतात: व्हॉल्ट, अनईव्हन बार, बॅलन्सिंग बीम आणि फ्लोअर. मुलांसाठी फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार अशी सहा असतात. तालबद्ध म्हणजे रिदमिक प्रकारात दोरी, हूप, चेंडू, क्लब्ज व रिबन यांच्यासह संगीताच्या तालावर रचना सादर केल्या जातात. याखेरीज ॲक्रोबॅटिक, एरोबिक आणि ट्रॅम्पोलिन हे प्रकार आहेत.

या प्रत्येकाला लागणारी जागा, साहित्य आणि प्रशिक्षकाचे ज्ञान वेगळे असते. रिदमिकसाठी गालिचा, उंच छत आणि नृत्याची जाण लागते. आर्टिस्टिकसाठी जड आणि महागडी साधने लागतात. 'आमच्याकडे सगळेच शिकवतात' असे सांगणाऱ्या केंद्रात प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र प्रशिक्षक आहे का, हे विचारलेच पाहिजे.

महाराष्ट्राला शरीरावरील अशा प्रभुत्वाची परंपरा नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब आजही असंख्य व्यायामशाळांतून घुमतो आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) आणि मुंबईत शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) यांसारख्या संस्थांनी पिढ्या घडवल्या. मल्लखांबाने हातांची पकड, पोटाचे बळ आणि उलटे होण्याची सवय मिळते, ती जिम्नॅस्टिक्समध्येही उपयोगी पडते. तथापि मल्लखांबाचा उत्तम प्रशिक्षक हा व्हॉल्ट किंवा बार यांचाही प्रशिक्षक असेलच, असे गृहीत धरू नये. ती दोन स्वतंत्र शास्त्रे आहेत.

घाई कशाची?

'आता उशीर केला तर संधी गेली' हे वाक्य पालकांना हमखास ऐकावे लागते. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये अवघ्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळवले. तेव्हापासून हा खेळ चिमुकल्या मुलींचाच, असा समज रूढ झाला. त्यानंतर नियम मात्र बदलत गेले. आता मुलींना वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरण्यासाठी त्या वर्षात सोळा वर्षे आणि मुलांना अठरा वर्षे पूर्ण होणे आवश्यक असते. गुणदानही २००६ पासून दोन भागांत विभागले गेले. कसरतींच्या काठिण्याला वेगळे गुण मिळतात, तर सफाईचे गुण दहातून वजा होत जातात. वाकलेला गुडघा, सुटलेली बोटे, उतरताना पडलेले एक पाऊल, या प्रत्येकासाठी गुण कापले जातात. पाया कच्चा ठेवून अवघड कसरत घाईने शिकवली, तर मूल गुणफलकावरही हरते.

त्रिपुराच्या दीपा कर्माकरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वयाच्या सहाव्या वर्षी ती या खेळात आली. तिचे तळवे सपाट होते आणि हा दोष जिम्नॅस्टला अडसर ठरणारा मानला जातो. आगरताळ्यात प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांनी त्यावर कित्येक वर्षे मेहनत घेतली. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले. पुढे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरून २०२४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिने ताश्कंद येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्ण जिंकले आणि त्याच वर्षी निवृत्ती स्वीकारली. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर १९९२ ते टोकियो अशा सलग आठ ऑलिंपिकमध्ये उतरली.

तात्पर्य, सहा-सात वर्षांच्या मुलापुढे दहा-पंधरा वर्षांचा रस्ता असतो. पहिली दोन-तीन वर्षे हँडस्टँड, कोलांटी, सुरक्षित पडणे, लवचीकता आणि मूलभूत ताकद यांवर खर्ची घालणारे केंद्र वेळ दवडत नसते. ते पुढची वर्षे वाचवत असते. याउलट, सहा महिन्यांत बॅक फ्लिप शिकवण्याची हमी देणाऱ्या केंद्रापासून चार हात दूर राहिलेलेच बरे.

जागा आणि साहित्य

चकचकीत आरसे आणि रंगीत भिंती यांवरून साहित्याचा अंदाज येत नाही. पाहायचे असते ते मॅटकडे. मॅट पुरेशा जाड आहेत का, दोन मॅटमध्ये फटी राहतात का, कव्हर फाटून आतला फोम दबला आहे का, प्रत्येक साधनाखाली आणि उतरण्याच्या जागी त्या पोचतात का, हे बारकाईने बघावे. आपल्याकडे अनेक केंद्रे बहुउद्देशीय सभागृहात भरतात. रोज साधने मांडायची आणि उचलायची असतात. तेथे बारचे ताण आणि खिळ्या दररोज कोण तपासतो, हा प्रश्न अनाठायी नाही.

स्पर्धेतील बीम पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. चांगल्या केंद्रात याच रुंदीचा, जमिनीलगत ठेवलेला एक बीम असतो आणि त्यानंतर क्रमाने उंच होत जाणारे एक-दोन. मूल जमिनीवर आखलेल्या रेघेवरून खालच्या बीमवर आणि तेथून वर जाते. ही पायरी-पायरीची व्यवस्था दिसली, म्हणजे तेथे शिकवण्याचा विचार आहे असे समजावे. फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा असल्यास उत्तमच; मात्र तो नसला तरी जाड मऊ गाद्या आणि धीम्या गतीने काम भागते. साधनांची उणीव संयमाने काही प्रमाणात भरून निघते, पण संयमाची उणीव कोणत्याही आयात केलेल्या साधनाने भरून निघत नाही.

प्रथमोपचार पेटी, बर्फ, जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाचा किंवा रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती, या गोष्टी मागून न घेता दिसायला हव्यात. पंखे, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह यांकडेही दुर्लक्ष करू नये.

प्रशिक्षक: कागद आणि वागणूक

पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका ही आपल्याकडची मान्यवर पात्रता. याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. दोन्हींचा उल्लेख 'एनआयएस' असाच केला जातो. म्हणून 'पदविका की सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र?' हे स्पष्ट विचारावे. आंतरराष्ट्रीय महासंघाचे तीन स्तरांचे प्रशिक्षक अभ्यासक्रम असतात. राष्ट्रीय पातळीवर खेळलेला खेळाडू उत्तम शिक्षक असेलच असे नाही, आणि उत्तम शिक्षक स्वतः मोठा खेळाडू असावाच असेही नाही.

मुख्य प्रशिक्षकाचे नाव मोठे असते आणि प्रत्यक्षात लहान मुलांना सोळा-सतरा वर्षांचे ज्येष्ठ विद्यार्थी शिकवतात, असे चित्र पुष्कळ ठिकाणी आढळते. मदतनीस म्हणून त्यांचा उपयोग आहे. अवघड कसरतीला आधार देण्याची जबाबदारी मात्र जाणत्या प्रौढ व्यक्तीचीच. नवशिक्या लहान मुलांच्या बाबतीत एका प्रशिक्षकामागे सहा ते आठ मुले, हे प्रमाण समाधानकारक म्हणता येईल. पंचवीस मुले रांगेत उभी आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटांत एक उडी, असे असेल तर दोन तासांच्या शुल्कात पंधरा मिनिटांचे शिक्षण मिळते, हा साधा हिशेब आहे.

एक तास बाकावर बसून

केंद्र ठरवण्यापूर्वी एक संपूर्ण सराव-सत्र पाहावे, तेही शक्यतो पूर्वसूचना न देता. प्रात्यक्षिकाचा दिवस टाळावा. त्या दिवशी सगळेच छान असते. या तासात उत्तम मुलाकडे न पाहता तुकडीतील सर्वांत मागे पडलेल्या मुलाकडे लक्ष द्यावे. प्रशिक्षक त्याच्याशी किती वेळा बोलतो? त्याचे नाव घेतो, की 'ए जाड्या' म्हणतो? त्याला आज निदान एक तरी नवी गोष्ट जमली का?

मग एखादे मूल पडेल, त्या क्षणाची वाट पाहावी. जिम्नॅस्टिक्समध्ये पडणे अटळ असते. पडलेल्या मुलाकडे प्रशिक्षक जातो, चौकशी करतो, कसरतीची एक पायरी खाली आणतो आणि पुन्हा प्रयत्न करवून घेतो, हे योग्य. 'ऊठ, नाटकं नकोत' म्हणून त्याच उंचीवर लगेच पुन्हा चढवणे अयोग्य. एखादी मुलगी बीमवर थबकते, खाली पाहते आणि 'सर, भीती वाटते' म्हणते, तेव्हाही असेच. भीती हा धैर्याचा अभाव नसतो. पुष्कळदा तो शरीराने दिलेला खरा इशारा असतो.

जगातील सर्वश्रेष्ठ जिम्नॅस्टलाही हा इशारा ऐकावा लागला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला हवेत असताना आपले शरीर कोठे आहे याचे भानच राहीनासे झाले. सांघिक अंतिम फेरीतून तिने माघार घेतली. काही दिवसांनी ती बीमवर परतली आणि कांस्यपदक जिंकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्ण व एक रौप्य मिळवले. त्या दिवशी 'नाही' म्हणण्याची मुभा तिला नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. जे चोवीस वर्षांच्या विश्वविजेतीला लागू, ते आठ वर्षांच्या मुलीला अधिकच लागू.

लवचीकतेच्या सरावाकडेही नजर ठेवावी. स्प्लिट करताना ताण जाणवणे स्वाभाविक आहे. रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर किंवा मांड्यांवर बसून त्याला जबरदस्तीने खाली दाबणे ही मात्र शिकवण्याची पद्धत नव्हे. असे दृश्य दिसल्यास भिंतीवर कितीही पदके असोत, त्या केंद्राचा विचार सोडून द्यावा.

वाढते शरीर, दुखणारे शरीर

मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात आणि त्या हाडांहून नाजूक असतात. जिम्नॅस्टिक्समध्ये हात पायांसारखे वजन पेलतात. परिणामी मनगटाजवळच्या वाढीच्या कूर्चेवर वारंवार ताण येतो. टाचदुखी, गुडघ्याखालचे दुखणे आणि पाठ वारंवार मागे वाकवल्याने कमरेच्या मणक्याला पडणारी बारीक चीर, या तक्रारीही या खेळात नेहमीच्या. दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारे, रात्री जागवणारे किंवा मूल लंगडू लागेल असे दुखणे 'सरावाने जाईल' म्हणून सोडून देऊ नये. सरावावर परतण्याचा निर्णय डॉक्टरांचा असावा, स्पर्धेच्या तारखेचा नव्हे.

उंची झपाट्याने वाढण्याचा काळ विशेष नाजूक असतो. मुलींमध्ये तो साधारण अकरा ते तेरा आणि मुलांमध्ये तेरा ते पंधरा या वयात येतो. हातापायांची लांबी बदलते, तोल बिघडतो, काल जमणारी कसरत आज जमत नाही. जाणता प्रशिक्षक या काळात भार कमी करतो आणि मुलाला त्यामागचे कारण समजावून सांगतो. अजाणता प्रशिक्षक त्याला आळशी ठरवतो.

आहाराचा प्रश्न याहून गंभीर. सर्वांसमोर वजन करणे, डब्यातील पोळ्या मोजणे, 'पोट सुटलंय' असे टोमणे मारणे, या गोष्टी अजूनही शिस्तीच्या नावाखाली खपून जातात. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने अन्न कमी पडले, की हाडे ठिसूळ होतात, वाढ मंदावते, मुलींची पाळी लांबते. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू झाली नाही किंवा सुरू झालेली थांबली, तर 'खेळाडूंचे असेच असते' असे म्हणू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. सरावाआधी फळ किंवा पोळीभाजी, नंतर दूध, अंडी, उसळ, डाळ-भात असा घरचा पुरेसा आहार वाढत्या मुलाला मानवतो. केंद्रातून दिली जाणारी कोणतीही पावडर किंवा गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.

विश्वास, पण उघड्या डोळ्यांनी

या खेळाच्या अलीकडच्या इतिहासात एक काळा अध्याय आहे आणि पालकांनी तो जाणून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचारांच्या नावाखाली अनेक वर्षे मुलींचे लैंगिक शोषण केले. २०१६ मध्ये इंडियानापोलिसच्या एका दैनिकाने हे प्रकरण उघडकीस आणले. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक पीडितांनी आपले म्हणणे मांडले आणि त्याला ४० ते १७५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. काही प्रसंगी तर मुलीचे पालक त्याच खोलीत उपस्थित होते. संघाच्या टेक्ससमधील सराव शिबिरात पालकांना प्रवेशच नव्हता. ब्रिटनमध्ये जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हाइट अहवालानेही मुलांना उपाशी वा तहानलेले ठेवणे, दुखापतीवर सराव करायला लावणे, सतत अपमान करणे अशा प्रकारांवर बोट ठेवले. दोन्ही देशांत पदके मिळत होती. म्हणूनच कोणी प्रश्न विचारत नव्हते.

यावरून निघणारे नियम साधे आहेत. सराव पालकांना कधीही पाहता यावा. दररोज बाकावर बसून राहण्याची गरज नाही. सतत बसणाऱ्या पालकांचे दडपणही मुलावर येते. मात्र 'पालकांनी आत यायचे नाही' असा कायमचा नियम असलेले केंद्र टाळावे. प्रशिक्षक आणि मूल बंद खोलीत एकटे नसावेत. मालिश किंवा उपचार पालकांच्या संमतीने आणि दुसऱ्या प्रौढ व्यक्तीच्या उपस्थितीतच व्हावेत. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत जबाबदार महिला असावी, मुक्कामाच्या खोल्या वेगळ्या असाव्यात आणि प्रशिक्षकाचे निरोप मुलाऐवजी पालकांच्या दूरध्वनीवर यावेत.

या खेळात आधार देताना स्पर्श करावाच लागतो. पाठ, कंबर, मांडी, मनगट येथे हात लागतो, क्षणभर लागतो आणि सर्वांसमक्ष लागतो. हे मुलाला आधीच समजावून सांगावे आणि त्यापलीकडचा कोणताही स्पर्श घरी सांगण्याची मोकळीक त्याला द्यावी. 'हे आईला सांगू नकोस' असे कोणीही म्हटले, तर तेच सर्वांत आधी सांगायचे, हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ हवे. अठरा वर्षांखालील मुलांना २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे आणि गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हाही या कायद्याने गुन्हा ठरतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणासाठी तरतूद करण्यात आली आहे. कायदा अखेर पाठीशी असतो. पुढे पालकांनाच उभे राहावे लागते.

वेळ, पैसा आणि शाळा

मासिक शुल्क हा खर्चाचा दर्शनी भाग झाला. स्पर्धेचा पोशाख, हातांचे ग्रिप, प्रवेश शुल्क, प्रवास, मुक्काम, फिजिओथेरपी यांचा वर्षाचा अंदाज लेखी मागावा. वर्षभराचे शुल्क आगाऊ घेणाऱ्या केंद्रात दुखापत झाल्यास पैसे परत मिळतात का, हेही विचारावे. महापालिकांची क्रीडासंकुले आणि जुन्या व्यायामशाळा तुलनेने स्वस्त असतात. तेथे गर्दी अधिक, पण जिव्हाळाही पुष्कळदा अधिक.

घरापासूनचे अंतर हा क्षुल्लक वाटणारा मुद्दा प्रत्यक्षात निर्णायक ठरतो. शाळा सुटल्यावर दीड तास लोकलने किंवा बसने प्रवास करून दमलेले मूल बारवर चढते, तेव्हा त्याची पकड सैल झालेली असते. थोडे कमी नावाजलेले, पण जवळचे आणि सुरक्षित केंद्र लहान वयात अधिक श्रेयस्कर. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षातून काही आठवडे सुटी असावी. पुढे गुणवत्ता सिद्ध झाल्यास राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसारखे निवासी पर्यायही आहेत. परंतु घर सोडण्याचा निर्णय मुलाच्या इच्छेखेरीज घेऊ नये.

स्पर्धांचे दोन मार्ग आहेत. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी राष्ट्रीय स्तरापर्यंत जातात. दुसरा मार्ग जिल्हा आणि राज्य संघटनांमार्फत जातो. केंद्र कोणत्या संघटनेशी संलग्न आहे आणि तिला आज मान्यता आहे का, हे तपासणे आवश्यक. २०१० च्या दशकात भारतीय जिम्नॅस्टिक्स महासंघाची शासकीय मान्यता काही वर्षे गेली होती, हा अनुभव विसरता येत नाही. जन्मतारखेत 'थोडी दुरुस्ती' सुचवणाऱ्यांना तेथेच नमस्कार करावा. ज्याची सुरुवात खोट्या दाखल्याने होते, तो पुढे कशातही खरा राहत नाही.

दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, यांकडे पाहून अनेक घरांत हा खेळ निवडला जातो. या सवलती राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर चमकणाऱ्या मोजक्यांच्या वाट्याला येतात. मुलाला खेळ आवडत नसेल, तर तेवढ्यासाठी दहा वर्षे त्याला बारवर लोंबकळत ठेवणे हा महागडा सौदा आहे.

चौकट: प्रवेशापूर्वी विचारावेत असे प्रश्न

* माझ्या मुलाला प्रत्यक्ष कोण शिकवणार? त्यांची पात्रता कोणती?
* एका तुकडीत किती मुले आणि किती प्रशिक्षक असतात?
* सराव केव्हाही पाहता येईल का?
* मुलाने एखादी कसरत करण्यास नकार दिला, तर काय करता?
* गेल्या वर्षी कोणत्या दुखापती झाल्या आणि त्यानंतर काय बदल केले?
* पाच वर्षांपूर्वी स्पर्धेच्या तुकडीत असलेल्यांपैकी किती जण आज येथे आहेत? बाकीचे का गेले?
* तक्रार असल्यास मुख्य प्रशिक्षकाव्यतिरिक्त कोणाकडे जायचे?

शेवटून तिसरा आणि दुसरा प्रश्न विचारताना समोरच्याचा चेहरा पाहावा. 'आमच्याकडे दुखापत होतच नाही' हे उत्तर धोक्याचे. 'दोन मनगटे दुखावली, तेव्हापासून आठवड्यातील एक दिवस हातांना विश्रांती देतो' हे उत्तर विश्वासाचे. सोडून गेलेल्या एक-दोन कुटुंबांशी बोलता आले, तर दहा माहितीपत्रकांत नसलेली माहिती मिळते.

निवड झाली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. वर्षातून दोनदा तरी ती पुन्हा तपासावी. सरावाच्या वेळी वारंवार पोट दुखू लागणे, झोप उडणे, जेवण टाळणे, आधी बडबड करणाऱ्या मुलाने केंद्राबद्दल बोलणेच थांबवणे, ही सारी लक्षणे वाचता आली पाहिजेत. केंद्र बदलणे हा प्रशिक्षकाचा विश्वासघात नव्हे आणि खेळ सोडणे हा मुलाचा पराभवही नव्हे. दहा वर्षे जिम्नॅस्टिक्स केलेले मूल राष्ट्रीय संघात पोचले नाही, तरी सरळ पाठ, निर्भय मन आणि पडून पुन्हा उठण्याची सवय त्याच्याजवळ आयुष्यभर राहते. ती राहील असे केंद्र शोधणे, एवढेच पालकांच्या हाती असते.

घरी परतताना 'आज काय जिंकलास?' असे विचारण्याऐवजी 'आज कुठे पडलास आणि मग काय झालं?' असे विचारून पाहावे. मूल हसत हसत उत्तर देऊ लागले, तर केंद्राची निवड चुकलेली नाही.